पाण्याची पाळी

दादांनी ब्रश हातात धरला तेव्हा त्यांना एकसष्टावं लागलं होतं
आणि जालन्यात नळ येऊन बारावा दिवस होता.

रंगपेटी माझ्या पोरीची, शाळेतून बाद झालेली;
पिवळी वडी मधोमध विहिरीसारखी खणलेली,
पांढरी कोरी.
पाणी किती लागतं, एवढंच त्यांनी विचारलं.
मी वाटी भरून आणली तर म्हणाले, अर्धी कर.

एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या पोटात
लोखंडी चावी फिरवली होती.
आठवीपर्यंत मी त्या चावीपेक्षा बुटकी होते.
ती दारामागं उभी असायची
आणि पहाटे साडेतीनला सायकलीवर आडवी होऊन जायची.
कादराबादचा वरचा भाग. मग मस्तगड.
आमची गल्ली सगळ्यात शेवटी,
नाहीतर लोक म्हणाले असते.
आई त्यावरून भांडायची,
तेही पाण्यासारखंच, दिवसाआड, आठवड्याआड,
पुढं पुढं बारा दिवसांनी.

"केरबा वॉलमन पाणी खातो"
असं कोळशानं लिहिलेलं मी शाळेच्या वाटेवर वाचलं होतं.
त्यांनीही वाचलं असणार.
चित्रं काढू लागल्यावर ती भिंत त्यांनी काढली,
शेजारचा विजेचा खांब, खांबाला टेकलेली शेळीसुद्धा.
अक्षरं नाही काढली.
तिथं नुसती ओल.

खानापुरे बाई रविवारी पोरांना फुकट शिकवायच्या.
पोरांच्या रांगेत दादा, गुडघे कानाजवळ.
बाई म्हणाल्या, काका, रंग ढकलू नका.
कागद ओला करा,
आणि पाण्याला जायचं तिकडं जाऊ द्या.
घरी येऊन ते बराच वेळ गप्प होते.
मग आईला म्हणाले,
"बाई म्हणती, सोडून द्या.
पाणी असं सोडून देत असतेत का कुठं?"

म्हणून त्यांचं आभाळ कायम चौकोनात.
कडेला अंगठा लावून ते निळ्याला अडवायचे,
कागद पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं.
जेवायला हाक मारली की
"थांब ना, चढू लागलंय."

एकदा ब्रश चहात बुडाला.
त्याच चहानं त्यांनी घाणेवाडीचा बांध रंगवला
आणि साखर कमी पडली म्हणाले.

ब्रश धुतलेलं पाणी कढीपत्त्याला.
एखाद्या दिवशी फोडणीत जांभळं पान येईल,
असं आई शेजारणींना सांगायची,
जरा कौतुकानंच.

गेल्या पौषात ते गेले.

कपाटात गठ्ठा सापडला.
मी औरंगाबादेहून आणलेला जाड कागद
वेष्टनातच, न फोडलेला:
जरा बरं जमू लागल्यावर वापरू म्हणायचे.
चित्रं सगळी नगरपालिकेच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर.
पातळ कागद ओलीनं पापडासारखा फुगलेला.
उजेडाकडं धरला की पलीकडची अक्षरं उलटी उमटतात:
आभाळातून सोमवार, पहाटे चार ते सव्वापाच,
बाभळीच्या बुंध्यात, त्यांच्याच हातानं,
लाईट नसल्याने उशीर.

शेवटच्या कागदावर काय आहे ते कळत नाही.
बांध नाही, चौकोन नाही.
निळं वरून सुटलंय ते थेट कागदाबाहेर,
टेबलावरही गेलं असणार.
कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख,
दवाखान्यातून घरी आणल्यानंतरची.

हात थरथरत होता,
की त्यांनीच सोडलं?
मी आईला विचारलं.

आई म्हणाली, त्या दिवशी नळ आला होता गं.
मी भरत होते.
बघितलं नाही.